पातं बदललं, वीज वाढली... पण मोजली कोणी?

महावितरणचं लाइट बिल कधी नीट वाचलंय? स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आपल्या हुडकेश्वरात बिल आलं की आपण शेवटचा आकडा बघतो, "याही महिन्यात वाढलं बे" म्हणतो आणि कागद फ्रिजवर ठेवून देतो. त्या 'वीज आकार' नावाच्या एका ओळीत कोराडी-खापरखेड्याचा कोळसा आहे, कोयनेचं पाणी आहे आणि थोडा वाराही आहे. साताऱ्याच्या पठारांवरचा, सांगलीकडचा, धुळ्याच्या साक्री तालुक्यातला. राज्यात पवनऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॅटच्या वर आहे आणि त्यातली बरीच वीज महावितरण विकत घेतं. पैसे अर्थातच तुमचे-माझे.

या पवनचक्क्या आता म्हाताऱ्या होऊन राहिल्यात. साताऱ्याकडच्या कित्येक यंत्रांना वीस-पंचवीस वर्षं झाली. अशा यंत्रांसाठी जगभर एक वेगळाच धंदा उभा राहिलाय. खांब तोच, जनित्र तेच, फक्त पातं सुधारायचं. कुणी पात्याच्या टोकाला तुकडा जोडून ते लांब करतं, कुणी झिजलेली कड भरून देतं, कुणी पात्याच्या पाठीवर बोटभर उंचीच्या पट्ट्या चिकटवतं. आणि सांगतं की दोन टक्के वीज वाढेल, चार टक्के वाढेल. हे खरं की खोटं हा प्रश्न आहेच. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की हे कळणार कसं? आजची पोस्ट त्याच्याबद्दल. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही म्हणाल, मीटर आहे ना! पातं बदलायच्या आधीचं रीडिंग घ्या, नंतरचं घ्या, वजाबाकी करा, झालं. आता असं समजा की नवतपा संपताना शेजाऱ्यानं कूलरच्या ताट्या बदलल्या, पंखा नवा बसवला आणि आठवड्याभरात मृगाची सर आली. तो साऱ्या गल्लीत सांगून राहिला की नव्या पंख्यानं घर कसं गारेगार झालं. पंखा वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. पण त्या गारव्यातला पंख्याचा वाटा किती आणि मृगाचा किती, हे त्याला सांगता यायचं नाही. पवनचक्कीचं दुखणं हेच, फक्त कोट्यवधी रुपयांचं.

हा घोळ ओळखून त्यावर पहिला नामी तोडगा काढला तो जॉन स्मीटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं, १७५९ मध्ये. (दोनच वर्षांनी इकडे पानिपत झालं, म्हणजे काळ लक्षात येईल.) त्या वेळी युरोपात वाऱ्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या होत्या. स्मीटनला वेगवेगळ्या आकाराची पाती तपासून बघायची होती, पण बाहेरचा वारा काही सारखा राहत नाही. मग त्यानं उलटा विचार केला. वारा पात्यांकडे येण्याची वाट न बघता त्यानं पातीच स्थिर हवेतून फिरवली. एका आडव्या दांड्याच्या टोकाला छोटी चक्की बसवली, दोरी ओढून दांडा गोल फिरवला आणि फिरता फिरता ती चक्की किती वजन उचलते ते मोजलं. वारा असा मुठीत आला तेव्हा कुठं पात्यांची तुलना करता आली. पात्याला पीळ किती द्यावा, कापड किती लावावं हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. एका मर्यादेपुढं कापड वाढवून काही पदरात पडत नाही, हेही त्यातून निघालं. रॉयल सोसायटीनं या कामासाठी त्याला कोप्ली पदक दिलं.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आजच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर चक्कीचं काम दुप्पट होत नाही, आठपट होतं. वेगाचा घन. म्हणजे वारा मोजताना एका टक्क्याची चूक झाली तर ताकदीच्या हिशेबात तीन टक्क्यांची होते. कुणी सांगितलं की नव्या पात्यानं तीन टक्के वीज वाढली आणि त्याचा वारामापक एका टक्क्यानं चुकत असेल, तर ती सगळी वाढ त्या चुकीच्या पोटात गडप.

त्यात हवेचं वजन वेगळंच. नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको. जानेवारीतली वीस अंशांची हवा आणि मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची हवा घ्या. वेग तोच असला तरी मेमधली हवा साधारण आठ टक्के विरळ असते, आणि पात्याला मिळणारी ताकद तेवढीच कमी. उंचीवरही हेच होतं. कोयनेच्या धरणावरच्या वनकुसवडे पठाराची उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा दहा ते पंधरा टक्के हलकी. कंपनीच्या माहितीपत्रकातला आलेख मात्र बहुधा समुद्रसपाटीच्या हवेचा असतो, घनमीटरला १.२२५ किलो वजनाच्या.

वारा मोजणं हे आपल्याकडे कुणी जिवावर घेतलं असेल तर अॅना मणी यांनी. पुण्याच्या हवामान खात्यात १९४८ पासून त्यांनी उपकरणांचं काम केलं. पर्जन्यमापक, वारामापक, वायुभारमापक अशी उपकरणं देशात बनवायची, आणि देशभरातली सगळी उपकरणं एकाच मापात बोलतील हे बघायचं. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. देशात वारा कुठं किती आहे याची आकडेवारी त्यांनी गोळा केली, १९८३ मध्ये तिचा ग्रंथ आला आणि पुढं गावोगाव मनोरे उभारून पाहणी झाली. आज आपण ज्याला 'पवनऊर्जेला योग्य जागा' म्हणतो त्यामागं ही पायपीट आहे.

१९८६ मध्ये केंद्र सरकारनं प्रात्यक्षिकासाठी किनारपट्टीवर पहिल्या पवनचक्क्या लावल्या. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत दक्षिण टोकाकडं आणि महाराष्ट्रात रत्नागिरी. एकेक यंत्र ५५ किलोवॅटचं, डेन्मार्कचं. आजच्या एका साध्या २.१ मेगावॅटच्या यंत्रात तशी अडतीस मावतील.

आता डेन्मार्कचं नाव आलंच आहे तर तिकडं काय झालं ते बघू. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिकडच्या शेतकऱ्यांनी, सुतार-लोहारांनी पवनचक्क्या बनवायला घेतल्या. १९७९ पासून सरकारनं खर्चाच्या ३० टक्के अनुदान दिलं, पण अट घातली की यंत्र आधी रिसो इथल्या चाचणी केंद्रातून पास झालं पाहिजे. पवनचक्कीमालकांची संघटना त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये उभी राहिली होती. ती आपल्या मासिकात कुणाच्या यंत्रानं किती वीज काढली याचे आकडे छापायची. कुठलं यंत्र चालतं आणि कुठलं नुसतं फिरतं, हे गावच्या पारावर कळायचं. त्यामुळं वाईट पातं बाजारात टिकत नव्हतं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात उलटं चाललं होतं. १९८१ ते ८५ च्या काळात तिथं यंत्राच्या किमतीवर करसवलत मिळायची, केंद्राची आणि राज्याची मिळून निम्म्याच्या आसपास. यंत्र उभं केलं की सवलत खिशात, मग वीज निघो न निघो. हजारो यंत्रं उभी राहिली आणि त्यातली कितीतरी बंद पडली. १९९२ मध्ये अमेरिकेनं सवलत प्रत्यक्ष युनिटवर द्यायला सुरुवात केली.

या दोन वाटांपैकी आपण कुठली धरली? नव्वदच्या दशकात पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवायची मुभा होती. म्हणजे नफ्यातल्या कंपनीनं मार्चच्या आत यंत्र उभं केलं की त्या वर्षीचा आयकर आटोपला. पुढं तो घसारा ८० टक्के झाला, एप्रिल २०१२ मध्ये काढला, २०१४ मध्ये परत आला, २०१७ पासून ४० वर आला. महाराष्ट्रानं वरून विक्रीकराची सवलत दिली. २००० च्या आगंमागं वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या पठारांवर यंत्रांची रांग लागली ती या हिशेबावर. बजाज ऑटोसारख्या मोटारसायकलवाल्या कंपनीचे पंखे वनकुसवड्याच्या माळावर दिसतात, त्याचं कारण हेच. माझं मत स्पष्ट आहे. तो पैसा मेगावॅटला मिळत होता, युनिटला नाही, आणि म्हणून पातं किती काम करतं हे मोजायची मालकाला घाई नव्हती. प्रत्यक्ष निर्मितीवर प्रोत्साहन, युनिटमागं ५० पैसे, केंद्रानं सुरू केलं ते थेट डिसेंबर २००९ मध्ये.

मधल्या काळात एक मजेदार गोष्ट झाली, पण तिला हसू नका. २००२ ते २००४ च्या दुष्काळात साताऱ्या-सांगलीकडं आणि धुळ्याकडंही लोक म्हणू लागले की पवनचक्क्या ढग पळवतात. पंखे आले आणि पाऊस गेला, डोळ्यांदेखत. शहरातल्या लोकांनी याची टिंगल केली. पण त्या शेतकऱ्याचा तर्क बघा. आधी यंत्र नव्हतं, पाऊस होता. नंतर यंत्र आलं, पाऊस गेला. आणि पात्याचा विक्रेता काय म्हणतो? आधी जुनं पातं होतं, वीज कमी होती. नंतर नवं आलं, वीज वाढली. तर्काची घडण एकच आहे. एकाला आपण अडाणी म्हणतो आणि दुसऱ्याला चेक देतो. शेतकऱ्याच्या शंकेचं उत्तर २००५ नं दिलं. पंखे तसेच, उलट आणखी वाढलेले, आणि जुलैमध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली पाण्याखाली.

विक्रेत्याच्या दाव्याची परीक्षा २०२० नं कशी घेतली असती, तेही बघा. २०१९-२० मध्ये देशात पवनऊर्जेतून सुमारे ६४.६ अब्ज युनिट वीज निघाली. पुढच्या वर्षी यंत्रं वाढली, तरी वीज घटून ६०.१ अब्जांवर आली, कारण २०२० च्या पावसाळ्यात वाराच पडला. त्याच्या पुढच्या वर्षी ती ६८.६ अब्जांवर गेली. आपल्याकडं वर्षाची जवळजवळ दोन-तृतीयांश पवनवीज मे ते सप्टेंबरमध्ये निघते, म्हणजे एक पावसाळा बिघडला की वर्ष गेलं. आता धरा की एकानं मे २०२० मध्ये पाती सुधारली आणि दुसऱ्यानं मे २०२१ मध्ये. पहिला कपाळाला हात लावेल, दुसरा पेढे वाटेल. पाती दोघांचीही सारखीच असू शकतात. वारा स्वतःच्या लहरीनं सात टक्के खाली जातो, चौदा टक्के वर येतो, आणि आपण त्यात दोन टक्के शोधायला निघालोय.

आणि पातं सुधारलं नाही, नुसतं मळलं तरी काय होतं याची एक सुंदर गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातली काही यंत्रं चमत्कारिक वागत होती. वारा तेवढाच, पण वीज एका दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी निम्मी. इंजिनिअर लोक वर्षानुवर्षं डोकं खाजवत होते. २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॉर्टेन आणि वेल्डकाम्प या दोघांनी कारण सांगितलं: किडे. किडे वारा मंद असतानाच उडतात. तेव्हा ते पात्याच्या पुढच्या कडेवर आपटून चिकटतात, पण मंद वाऱ्यात त्याचा काही फरक पडत नाही. मग जोराचा वारा येतो, तेव्हा किडे उडत नाहीत, पण आधीचे चिकटलेले पात्यावरचा हवेचा प्रवाह तोडतात आणि वीज निम्म्यापर्यंत घसरते. पाऊस आला की पातं धुऊन निघतं आणि वीज परत वर. गंमत म्हणजे ज्या दिवशी बिघाड होतो त्या दिवशी त्याचं फळ दिसत नाही, आणि ज्या दिवशी फळ दिसतं त्या दिवशी बिघाड झालेलाच नसतो. अशा ठिकाणी नुसत्या आधी-नंतरच्या वजाबाकीनं काय कळणार, सांगा.

आता आपल्या राज्यातल्या कंपनीचं. सुझलॉन, मुख्यालय पुणे. तुलसी तांती यांनी कापडाच्या धंद्यासाठी वीज हवी म्हणून पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. तिचं एस-८८ हे २.१ मेगावॅटचं यंत्र, ८८ मीटर व्यासाचं. २००८ मध्ये अमेरिकेत त्याच्या पात्यांना तडे गेले आणि कंपनीला ४१७ यंत्रांची १,२५१ पाती दुरुस्त करून मजबूत करायचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. पात्याची बाब किती नाजूक आहे हे त्या धक्क्यानं साऱ्या धंद्याला कळलं.

पण त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रांमध्ये मला जास्त रस आहे. एस-८८ नंतर एस-९७ आलं, मग एस-१११, मग एस-१२०. यातला आकडा म्हणजे पात्यांच्या चक्राचा व्यास, मीटरमध्ये. जनित्र मात्र चौघांचं २.१ मेगावॅटचंच! पाटीवरचा आकडा हलला नाही, पातं लांबत गेलं. आणि चक्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून ८८ वरून १११ वर गेलं की वारा पकडायची जागा ५९ टक्क्यांनी वाढते. मेगावॅट मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आणि दर ठरवणाऱ्यालाही ते पुरतं दिसलं नाही, हा माझा खरा मुद्दा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं २००३ च्या आदेशात नव्या पवनवीजेला पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये दिले आणि दरवर्षी १५ पैसे वाढ, तेरा वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी ५.३० रुपये. २०१० पासून जागेच्या वाऱ्याप्रमाणे चार गट आले. वाऱ्याची ताकद कमी असलेल्या गटात यंत्र क्षमतेच्या २० टक्के वीज देईल असं धरलं, पुढच्या गटांत २३, २७ आणि ३० टक्के. टक्के जितके कमी तितका दर जास्त, कारण कमी युनिटांत खर्च वसूल व्हायचा. कल्पना न्याय्य होती. पण गट ठरायचा जमिनीवरच्या वाऱ्यावरून, पात्यावरून नाही. मंद वाऱ्याच्या जागी लांब पात्याचं यंत्र लावलं की वीज निघणार गृहीत धरल्यापेक्षा जास्त आणि दर मिळणार मंद वाऱ्याचा. मधला फायदा मालकाचा आणि बोजा 'वीज आकार' या ओळीवर. केंद्रीय आयोगानं २०१२ मध्ये वारा मोजायची उंची ५० वरून ८० मीटर केली आणि टक्केही वर नेले, तेव्हा ही फट थोडी बुजली. पुढं लिलाव आले. २०१८ मध्ये महावितरणच्याच लिलावात पवनवीज युनिटला २.८५ रुपयांपर्यंत उतरली. पात्यांनी कमावलेलं निदान तेव्हा तरी आपल्याकडं आलं.

राहिली जुनी यंत्रं. तेरा वर्षांचे करार संपलेली, पण अजून फिरणारी. त्यांच्या पात्यांचं काय केलं तर किती मिळतं, हे प्रामाणिकपणे मोजायचं कसं?

नव्या यंत्राची चाचणी घ्यायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. यंत्रापासून चक्राच्या व्यासाच्या साधारण अडीचपट अंतरावर तेवढ्याच उंचीचा मनोरा उभा करायचा, त्यावर वारामापक, तापमान आणि हवेचा दाब मोजायची साधनं. दर दहा मिनिटांची सरासरी घ्यायची आणि वाऱ्याच्या प्रत्येक अर्ध्या मीटरच्या टप्प्यासाठी वीज किती ते मांडायचं. मोकळ्या माळावर हे जमतं. पण सह्याद्रीच्या कड्यावर मनोऱ्यापाशी असलेला वारा आणि यंत्रापाशी असलेला वारा एक नसतो. त्यासाठी नियम सांगतो की यंत्र उभं करायच्या आधीच त्या नेमक्या जागी दुसरा मनोरा लावून दोन्हीकडच्या वाऱ्याचं नातं काढून ठेवा. वीस वर्षांपूर्वी जिथं यंत्र रोवलं तिथं आता मनोरा कुठं लावणार? आणि एवढं करूनही वार्षिक विजेच्या अंदाजात चार-पाच टक्क्यांची अनिश्चितता राहतेच. दोन टक्क्यांचा दावा तपासायला ही फूटपट्टी जाड पडते.

मग काही जण यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे जनित्राच्या डब्यावर बसवलेला वारामापक वापरतात. स्वस्त, तयार. पण तो असतो पात्यांच्या मागं. पात्यांमधून गाळून आलेला वारा तो मोजतो. तुम्ही पातं बदललं की त्याच्यामागचा वाराही बदलला, म्हणजे वस्तूबरोबर मापही बदललं. पानवाल्यानं माल आणि वजन दोन्ही एकदम बदलावं, तसं. नव्या पात्यामागं वारा जास्त मंदावला तर वारामापक म्हणेल, वारा कमी होता आणि तरीही वीज एवढी निघाली. म्हणजे काही न वाढताही पातं कागदावर पास!

त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग साधा आहे आणि तो कुणाही शेतकऱ्याला समजेल. खताची परीक्षा आपण कशी घेतो? एकाच वावरात एका तुकड्याला खत, शेजारच्या तुकड्याला नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. तसं दोन शेजारची यंत्रं घ्यायची, एकाच कड्यावरची, एकाच वाऱ्यातली. आधी वर्षभर दोघांच्या विजेचं नातं बघायचं. मग एकाची पाती सुधारायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. पुन्हा वर्षभर बघायचं. नातं बदललं तर ते पात्यामुळं, कारण २०२० सारखा पडलेला वारा दोघांनाही पडलाय. अर्थात एकाच्या सावलीत दुसरं येतं ते तास वगळायचे, बिघाडाचे दिवस वगळायचे, वीज कंपनीनं यंत्र थांबवायला लावलं ते तास वगळायचे. काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या यू डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर एक बारीक काम केलं. पात्यावर त्या छोट्या पट्ट्या चिकटवायच्या आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले आणि नुसता वेगच नाही, तर हवेची घनता, वाऱ्याची दिशा, त्यातला खळबळाट असं सगळं सारखं असलेले क्षण गणितानं एकमेकांसमोर बसवले. आणि आपली पद्धत भरवशाची आहे का हे बघायला आधीच माहीत असलेली वाढ मुद्दाम आकड्यांत मिसळून, पद्धत ती परत शोधून काढते का, हेही तपासलं. सोनाराला माहीत असलेलं सोनं देऊन त्याचा काटा तपासावा, तसं.

आपल्याकडं केंद्राचं पहिलं पुनर्उभारणी धोरण ऑगस्ट २०१६ मध्ये आलं. एक मेगावॅट आणि त्याखालची यंत्रं बदलायची, त्यासाठी इरेडाच्या कर्जावर पाव टक्का जादा व्याजसवलत. फार काही हललं नाही. एकाच कड्यावर दहा मालकांची दहा यंत्रं, जमिनीचे वाद, जुने करार. डिसेंबर २०२३ मध्ये नवं धोरण आलं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या हिशेबानं दोन मेगावॅटखालच्या यंत्रांमध्ये पुनर्उभारणीला सुमारे २५ गिगावॅटचा वाव आहे. या नव्या धोरणात यंत्र पाडून नवं लावण्याबरोबर जुन्याचं आयुष्य वाढवण्यालाही जागा आहे. म्हणजे पाती सुधारण्याचे दावे आता सरकारी टेबलावर येणार.

दोन टक्के म्हणजे किती, हाही हिशेब करून ठेवू. २.१ मेगावॅटचं यंत्र क्षमतेच्या २५ टक्के चाललं असं धरा. वर्षाला ४६ लाख युनिट. त्याचे दोन टक्के म्हणजे ९२ हजार युनिट, महिना दीडशे युनिट वापरणारी पन्नासेक घरं. आपल्याकडची एखादी गल्ली. २.८५ रुपयांनी अडीच लाखांच्या वर, दर वर्षी, एका यंत्रामागं. शंभर यंत्रांचे अडीच कोटी. खरे असतील तर ते मिळायलाच हवेत, एक पैसा न सोडता. आणि खरे नसतील तर ते सुधारणेच्या खर्चाच्या नावाखाली कुणाकडून वसूल होतील ते तुम्हाला माहीत आहे.

यू डिंग यांनी तो अमेरिकन यंत्रांचा दर दहा मिनिटांचा डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. हुडकेश्वरातला इंजिनिअरिंगचा पोरगाही रात्री बसून तो उतरवून घेऊ शकतो आणि स्वतः गणित करून बघू शकतो. वनकुसवड्याच्या किंवा साक्रीतल्या ब्राह्मणवेलच्या यंत्राचा तसा डेटा त्याला मिळायचा नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. आयोगाच्या जनसुनावणीत कुणालाही लेखी हरकत देता येते, वकील लागत नाही. पुढच्या वेळी कुणी 'पाती सुधारून वीज वाढवली' म्हणून खर्च मांडला, तर हरकतीत एवढं विचारा की शेजारचं कुठलं यंत्र न बदलता ठेवलं होतं, आणि त्या दोघांचे दहा-दहा मिनिटांचे आकडे कुठं बघायला मिळतील.